मांजरांमधील कॅलिसीव्हायरसचा संसर्ग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मांजर शिंकू लागले, त्याचे नाक वाहू लागले, की 'सर्दी आहे, होईल बरी' असे म्हणून दोन-तीन दिवस वाट पाहिली जाते. कॅलिसीव्हायरसच्या बाबतीत नेमके हेच दोन-तीन दिवस महत्त्वाचे असतात, कारण या आजारात बहुतेक मांजरांचे हाल विषाणूपेक्षा उपासमारीने आणि शरीरातले पाणी कमी झाल्याने होतात. पुढील उत्तरे घरी मांजर पाळणाऱ्यांसाठी आणि अनेक मांजरांची देखभाल करणाऱ्यांसाठी लिहिली आहेत. पशुवैद्याने मांजर प्रत्यक्ष तपासण्याला मात्र ती पर्याय नाहीत.

कॅलिसीव्हायरस म्हणजे नेमके काय?

मांजरांच्या तोंडाला आणि श्वसनमार्गाला बाधा करणारा हा एक अतिशय लहान विषाणू आहे. १९५७ साली न्यूझीलंडमध्ये तो प्रथम वेगळा करण्यात आला. सध्या तो जगात सर्वत्र, जिथे मांजरे आहेत तिथे आढळतो. 'कॅट फ्लू' या ढोबळ नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजारांपैकी बहुतेकांच्या मुळाशी हा विषाणू किंवा मांजरांचा हर्पिसव्हायरस असतो आणि अनेकदा दोन्ही एकाच वेळी असतात. नावात फ्लू असला तरी माणसांच्या इन्फ्लुएन्झाशी या आजाराचा संबंध नाही.

या विषाणूचे दोन गुणधर्म लक्षात घेतले, तर पुढच्या अनेक प्रश्नांची उत्तरे सोपी होतात. पहिला गुणधर्म असा, की त्याचे जनुकीय द्रव्य आरएनए स्वरूपाचे असून त्याच्या नकला तयार होताना राहिलेल्या चुका दुरुस्त होत नाहीत. त्यामुळे तो सतत थोडाथोडा बदलत राहतो आणि त्याचे असंख्य उपप्रकार एकाच वेळी फिरत असतात. दुसरा असा, की त्याच्याभोवती मेदाचे आवरण नसते. असे आवरण असलेले विषाणू साबण, अल्कोहोल किंवा साध्या जंतुनाशकाने चटकन निकामी होतात. हा होत नाही.

तो एका मांजराकडून दुसऱ्याकडे कसा जातो?

बाधित मांजराची लाळ, नाकातला स्राव आणि डोळ्यांतले पाणी यांत विषाणू मोठ्या प्रमाणात असतो. मूत्र आणि विष्ठेतूनही तो बाहेर पडू शकतो, पण प्रसाराच्या दृष्टीने तो मार्ग दुय्यम आहे. एकमेकांना चाटणे, एकाच भांड्यात खाणे आणि समोरासमोर शिंकणे हे नेहमीचे मार्ग होत. शिंकेतून उडालेले थेंब साधारण एक-दीड मीटरपर्यंत जातात, त्यापलीकडे हवेतून प्रसार होण्याचा धोका फारसा नसतो.

खरी अडचण वस्तूंची आहे. कोरड्या पृष्ठभागावर, साध्या खोलीच्या तापमानाला, हा विषाणू जवळजवळ महिनाभर टिकू शकतो आणि थंड जागी त्याहून अधिक काळ टिकतो. भांडी, अंथरूण, खेळणी, पिंजरा, कंगवा, तसेच सांभाळणाऱ्याचे हात, बाह्या आणि बुटांचे तळवे, यांपैकी कशावरूनही तो पुढच्या मांजरापर्यंत पोहोचतो. त्यामुळे 'आमचे मांजर घराबाहेर जातच नाही, मग त्याला कुठून लागण झाली?' या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा आपल्याच कपड्यांवर असते.

लागण झाल्यावर किती दिवसांनी आणि कोणती लक्षणे दिसतात?

संसर्गानंतर साधारण २ ते १० दिवसांत लक्षणे दिसू लागतात. ताप येतो, मांजर मलूल होते, कोपऱ्यात जाऊन बसते. शिंका, वाहणारे नाक आणि लाल, पाणावलेले डोळे ही लक्षणे बहुतेकांना ओळखीची असतात. पण या विषाणूची खरी खूण म्हणजे तोंड येणे. जिभेच्या कडांवर आणि टोकाकडे, टाळूवर, कधी ओठांवर किंवा नाकाच्या शेंड्यावर व्रण उठतात. आधी बारीक फोड येतो, तो लवकरच फुटतो आणि खाली लालभडक, उघडी जागा राहते.

तोंड उघडून पाहण्याची संधी मांजर देत नाही. म्हणून त्याच्या वागण्याकडे पाहावे. भूक लागलेली असते, म्हणून ते भांड्यापाशी येते, वास घेते, एक घास तोंडात घेते आणि झटका बसल्यासारखे मागे सरकते. काही मांजरे भांड्यावरच फिस्कारतात, काही पंजाने तोंड घासत राहतात. हनुवटीखालचे केस लाळेने चिकट झालेले असतात आणि तोंडाला दुर्गंधी येते. अंग चाटून स्वच्छ ठेवणे थांबल्यामुळे केस विस्कटलेले आणि निस्तेज दिसतात. 'खात नाही' आणि 'खाता येत नाही' यांतला हा फरक पशुवैद्याला सांगितला, तर निदानाला मोठी मदत होते. शक्य असल्यास जेवणाच्या वेळचे मोबाईलवरचे छोटे चित्रीकरण सोबत न्यावे, कारण दवाखान्यात मांजर असे वागून दाखवीलच याची खात्री नसते.

लहान पिल्लांमध्ये संसर्ग फुप्फुसांपर्यंत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. उलट, काही प्रौढ मांजरांमध्ये एक-दोन शिंकांपलीकडे काहीही दिसत नाही.

माझे पिल्लू अचानक लंगडू लागले आहे आणि त्याला तापही आहे. याचा कॅलिसीव्हायरसशी संबंध असू शकतो का?

होय. सांध्यांचा तात्पुरता दाह हे या संसर्गाचे एक ज्ञात लक्षण आहे. आज एक पाय, उद्या दुसरा, असे लंगडणे बदलत राहते. पिल्लू उचलून घेतले तरी कळवळते आणि अंग तापलेले असते. तोंडातले व्रण किंवा शिंका सोबत असतातच असे नाही. बहुधा काही दिवसांत हे लंगडणे आपोआप थांबते आणि सांध्याला कायमची इजा राहत नाही. लस दिल्यानंतरही क्वचित अशाच प्रकारचे सौम्य लंगडणे दिसते. तरीही मुका मार, हाड मोडणे किंवा चाव्याची जखम पिकणे या शक्यता आधी तपासून घ्याव्यात, कारण लंगडण्याची ती कारणे अधिक सामान्य आहेत.

हा कॅलिसीव्हायरसच आहे, हर्पिस नाही, हे कसे ओळखावे?

लक्षणांवरून अंदाज बांधता येतो, खात्री देता येत नाही. हर्पिसव्हायरसमध्ये शिंका जोरदार असतात, डोळ्यांवर भर असतो आणि बुबुळावर व्रण होण्याची शक्यता मोठी असते. कॅलिसीव्हायरसमध्ये तोंडातले व्रण आणि लंगडणे पुढे येते. क्लॅमिडिया, मायकोप्लाझ्मा आणि बॉर्डेटेला हे जिवाणूही अशीच लक्षणे घडवतात किंवा विषाणूच्या जोडीला येतात. तोंडातल्या व्रणांची अगदी वेगळी कारणेही असतात. मूत्रपिंडे निकामी होत आलेल्या वयस्कर मांजरालाही तोंड येते आणि फरशीवरचे दाहक रसायन चाटलेल्या मांजरालाही येते.

खात्री करायची असल्यास घसा, तोंड आणि डोळ्यांतून कापसाच्या बोळ्याने नमुना घेऊन पीसीआर तपासणी केली जाते. तिचा अर्थ मात्र जपून लावावा लागतो. निकाल होकारार्थी आला म्हणजे आत्ताचा आजार याच विषाणूमुळे आहे असे सिद्ध होत नाही, कारण वरवर निरोगी असलेल्या अनेक मांजरांच्या तोंडातही तो सापडतो. निकाल नकारार्थी आला म्हणजे विषाणू नाहीच असेही नाही, कारण तो इतका बदलतो, की काही उपप्रकार तपासणीतून निसटतात. रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी तर निदानासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. लस घेतलेल्या आणि पूर्वी कधीतरी बाधित झालेल्या सर्वच मांजरांत ती प्रतिपिंडे असतात. त्यामुळे एकाच मांजराचा साधा, सौम्य आजार असेल, तर अनेक पशुवैद्य तपासणीचा आग्रह न धरता उपचार सुरू करतात आणि ते योग्यच आहे. अनेक मांजरे एकाच वेळी आजारी पडली किंवा आजार असामान्य उग्र असला, तर तपासणी करून घ्यावी.

दवाखान्यात तातडीने कधी न्यावे?

पुढीलपैकी काहीही दिसल्यास थांबू नये: प्रौढ मांजराने २४ तासांहून अधिक काळ काहीही न खाणे, तोंड उघडे ठेवून किंवा पोट हलवत श्वास घेणे, चेहरा अथवा पाय सुजणे, कान-हिरड्या पिवळ्या दिसणे, ३९.५ अंश सेल्सिअसच्या वर ताप राहणे, डोळा उघडता न येणे. काही आठवड्यांच्या पिल्लाच्या बाबतीत २४ तासही फार होतात. त्याने दोन-तीन वेळचे दूध किंवा खाणे टाळले, की त्याच दिवशी न्यावे. निघण्यापूर्वी दवाखान्यात फोन करून संसर्गजन्य आजाराची शंका असल्याचे सांगावे आणि मांजर बंद पिंजऱ्यातूनच न्यावे, म्हणजे प्रतीक्षागृहातल्या इतर मांजरांना धोका राहणार नाही.

या विषाणूवर थेट औषध आहे का?

रोजच्या वापरात असलेले, परिणामकारक ठरलेले विषाणूविरोधी औषध कॅलिसीव्हायरसवर नाही. हर्पिसव्हायरसवर उपयोगी पडणारे फॅमसायक्लोव्हिर येथे काम करत नाही, कारण दोन्ही विषाणूंची घडण वेगळी आहे. मांजरांसाठीचे इंटरफेरॉन काही ठिकाणी, विशेषतः तोंडाच्या जुनाट दाहात, वापरले जाते. तथापि तो मुख्य उपचार नव्हे.

मुख्य उपचार आधाराचा असतो आणि त्याला कमी लेखू नये. मांजराचे शरीर विषाणूशी स्वतः लढते. त्या काळात त्याला पाणी, अन्न आणि वेदनेपासून आराम मिळवून देणे हे आपले काम असते. पाणी कमी झाले असल्यास शिरेतून किंवा त्वचेखाली सलाईन दिले जाते. वेदनाशामक औषध हा तर उपचाराचा कणाच आहे. तोंडात उघडे व्रण असताना मांजर खाईल अशी अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे. ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधे यासाठी वापरली जातात. मेलॉक्सिकॅमसारखी दाहशामक औषधे ताप आणि सांधेदुखीवर चांगली असली, तरी शरीरातले पाणी कमी झालेल्या मांजराला दिल्यास मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. म्हणून आधी सलाईन आणि मग ते औषध, असा क्रम पशुवैद्य ठेवतात. भूक वाढवण्यासाठी मिर्टाझापिन देता येते, पण वेदना न शमवता केवळ भूक वाढवणे क्रूरपणाचे होईल.

मांजर खातच नसेल, तर घरी काय करता येईल?

मांजर प्रामुख्याने वासावर खाते. चोंदलेल्या नाकाने त्याला अन्नाचा वास येत नाही. म्हणून कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापसाने दिवसातून अनेकदा नाक आणि डोळे हळुवार पुसावेत. न्हाणीघरात गरम पाणी सोडून खोली वाफेने भरावी आणि मांजराला पिंजऱ्यासह दहा-पंधरा मिनिटे तिथे बसवावे. त्याने घट्ट झालेला शेंबूड सुटतो. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर मांजर धरू नये, भाजण्याचा धोका असतो. दवाखान्यात नेब्युलायझरने हेच काम अधिक चांगले होते.

अन्न मऊ, ओलसर आणि उग्र वासाचे असावे आणि अंगाच्या तापमानाइतके कोमट करून द्यावे. कोरडे, टणक दाणे व्रणांवर टोचतात. ते काही दिवस बाजूला ठेवावेत किंवा पूर्ण भिजवून मऊ करावेत. एकाच वेळी पाच प्रकारचे अन्न समोर मांडू नये. आजारात मळमळ होत असताना समोर असलेल्या अन्नाचा मांजर कायमचा तिटकारा धरू शकते. थोडे द्यावे, दहा-पंधरा मिनिटांत खाल्ले नाही तर उचलावे आणि नंतर ताजे द्यावे.

सिरिंजने तोंडात अन्न कोंबण्याचा मोह टाळावा. दुखऱ्या तोंडात ते यातनादायक असतेच, शिवाय अन्न श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसांना संसर्ग होऊ शकतो. दोन-तीन दिवस पोटात काही गेले नसेल, तर नाकातून किंवा मानेच्या बाजूने अन्ननलिकेत नळी बसवून अन्न देणे हा अधिक सुरक्षित मार्ग आहे. नळीचे नाव ऐकले की मालक घाबरतात, ही शेवटची घटका आली असे त्यांना वाटते. वस्तुतः नळी बसवलेली मांजरे लवकर सावरतात, कारण अन्न, पाणी आणि औषधे ही तिन्ही दुखऱ्या तोंडाला वळसा घालून पोटात जातात. अन्न पूर्ण तुटल्यास, विशेषतः लठ्ठ मांजरांमध्ये, यकृतात चरबी साचून एक स्वतंत्र आणि जिवावर बेतणारा आजार उद्भवतो. त्यामुळे हा निर्णय लांबवण्यात काहीच शहाणपण नाही.

अँटिबायोटिक का दिले जाते आणि प्रत्येक वेळी लागते का?

प्रत्येक वेळी लागत नाही. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. नाकातून येणारा पाण्यासारखा स्राव पिवळा-हिरवा आणि घट्ट झाला व त्यासोबत ताप किंवा मलूलपणा असला, अथवा न्यूमोनियाची शंका असली, तर जिवाणूंचा दुय्यम संसर्ग गृहीत धरून ते दिले जाते. डॉक्सिसायक्लिन त्यासाठी बरेचदा निवडले जाते. त्याबाबत एक काळजी अवश्य घ्यावी: ही गोळी कोरडी गिळवल्यास मांजराच्या अन्ननलिकेत अडकून तिथे जखम होते आणि नंतर ती जागा आकसून अरुंद होऊ शकते. गोळीनंतर लगेच सिरिंजने थोडे पाणी गालाच्या बाजूने हळूहळू पाजावे किंवा थोडे अन्न द्यावे. पातळ औषध उपलब्ध असल्यास तेच मागून घ्यावे.

तापासाठी घरातली पॅरासिटामॉल द्यावी का?

मुळीच नाही, अर्धी गोळीसुद्धा नाही. पॅरासिटामॉल निकामी करून बाहेर टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात अतिशय दुबळी असते. त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता नष्ट होते, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, चेहरा आणि पंजे सुजतात आणि एका गोळीनेही मांजर दगावू शकते. आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिनही स्वतःच्या मनाने देऊ नयेत. चुकून दिले गेले असल्यास संकोच न करता पशुवैद्याला सांगावे, कारण पहिल्या काही तासांत त्यावर उपचार करता येतो.

लायसीनच्या पुड्यांचा उपयोग होतो का?

नाही. लायसीन हर्पिसव्हायरससाठी सुचवले जात असे, पण तिथेही त्याचा लाभ सिद्ध झालेला नाही. कॅलिसीव्हायरसमध्ये ते देण्याचे कोणतेच कारण नाही.

मांजर किती दिवसांत बरे होते? बरे झाल्यावर ते इतरांना संसर्ग देते का?

गुंतागुंत नसलेला आजार साधारण एक ते तीन आठवड्यांत ओसरतो आणि तोंडातले व्रणही त्याच काळात भरून येतात. विषाणू मात्र इतक्यात जात नाही. बहुतेक मांजरे बरी झाल्यावरही निदान ३० दिवस तो बाहेर टाकत राहतात, सुमारे निम्मी मांजरे ७५ दिवसांपर्यंत टाकतात आणि थोडी मांजरे कित्येक वर्षे, क्वचित आयुष्यभर, वाहक राहतात. हर्पिसव्हायरस शरीरात दडून बसतो आणि ताण आला की उफाळतो. कॅलिसीव्हायरसचा वाहक मात्र ताण असो वा नसो, सतत विषाणू पसरवत असतो. दिसायला तो ठणठणीत असतो. त्यामुळे 'आजारी मांजर वेगळे ठेवले की झाले' हे गृहीतक येथे अपुरे पडते.

एकदा आजार होऊन गेला म्हणजे पुन्हा होणार नाही, असेही नाही. वेगळ्या उपप्रकाराची लागण होऊ शकते, जरी ती बहुधा आधीपेक्षा सौम्य असते. म्हणून बरे झालेल्या मांजराचेही लसीकरण चालू ठेवावे.

माझ्या मांजराच्या हिरड्या कायम लाल आणि सुजलेल्या असतात. तो याच विषाणूचा परिणाम आहे का?

हिरड्या आणि घशाच्या मागच्या बाजूचा तीव्र, जुनाट दाह असलेल्या मांजरांमध्ये हा विषाणू मोठ्या प्रमाणात सापडतो. तरीही विषाणू एकटाच त्याला जबाबदार आहे असे म्हणता येत नाही. दातांवरच्या जिवाणूंच्या थराला आणि विषाणूला शरीराची प्रतिकारयंत्रणा अवाजवी प्रतिसाद देते आणि त्यातून हा दाह धुमसत राहतो. मांजर जांभई देताना किंचाळते, खाताना मान वाकडी करते, वजन हळूहळू घटत जाते. अशा मांजराची एफआयव्ही आणि फेलाइन ल्युकेमिया या, मांजरांची प्रतिकारशक्ती खच्ची करणाऱ्या, दोन विषाणूंसाठीही तपासणी करावी.

यावर सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे मागच्या दाढा, किंवा गरज पडल्यास सर्व दात, मुळांसकट काढणे. ऐकायला हे भयंकर वाटते आणि मालकांचा पहिला प्रतिसाद नकाराचाच असतो. परंतु बहुसंख्य मांजरांना त्याने स्पष्ट आराम पडतो आणि दात नसलेले मांजर मऊ अन्न व्यवस्थित खाते. मूळ हाडात राहून गेले तर दाह टिकून राहतो, म्हणून दातांचा एक्स-रे काढणाऱ्या दवाखान्यातच ही शस्त्रक्रिया करून घ्यावी. ज्यांना तरीही आराम पडत नाही, त्यांच्यासाठी सायक्लोस्पोरिन किंवा स्टिरॉइडसारखी औषधे पशुवैद्याच्या देखरेखीखाली वापरली जातात. केवळ दर महिन्याला स्टिरॉइडचे इंजेक्शन देऊन वेळ मारून नेणे दीर्घकाळ परवडणारे नाही, कारण त्यातून मधुमेह उद्भवू शकतो.

उग्र स्वरूपाचा, जीवघेणा कॅलिसीव्हायरस म्हणजे काय?

१९९८ साली उत्तर कॅलिफोर्नियात मांजरांमध्ये एक वेगळाच उद्रेक झाला. तीव्र ताप, चेहरा आणि पायांवर सूज, कान, नाक आणि पंजांच्या गाद्यांवर व्रण, कावीळ आणि रक्तस्राव अशी लक्षणे त्यात दिसली. त्यानंतर इतर देशांतही असे उद्रेक नोंदले गेले आहेत. हा विषाणू श्वसनमार्गापुरता न राहता रक्तवाहिन्या, यकृत, स्वादुपिंड आणि फुप्फुसांवर हल्ला चढवतो. काही उद्रेकांत बाधितांपैकी निम्म्याहून अधिक मांजरे दगावली. विशेष म्हणजे येथे पिल्लांपेक्षा प्रौढ मांजरांचा आजार अधिक गंभीर असतो आणि नियमित लस घेतलेली मांजरेही बळी पडतात. प्रत्येक उद्रेकातला विषाणू वेगळा असतो, म्हणजे तो एका ठिकाणाहून दुसरीकडे पसरलेला नसून त्या त्या ठिकाणी बदलातून नव्याने निपजलेला असतो. सुदैवाने असे उद्रेक दुर्मीळ आहेत आणि विलगीकरण कडक ठेवले तर ते आटोक्यात येतात. त्यांचा प्रसार अनेकदा दवाखान्यातून आणि निवाऱ्यातून, तिथल्या माणसांच्या हातांवरून व कपड्यांवरून झालेला आहे. ताप आणि सुजलेला चेहरा एकत्र दिसल्यास ती आणीबाणी समजावी.

लस कधी आणि किती वेळा द्यावी?

कॅलिसीव्हायरस, हर्पिसव्हायरस आणि पॅनल्युकोपेनिया (रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटवणारा मांजरांचा विषाणूजन्य आजार) या तिन्हींवरची लस एकत्र मिळते आणि ती प्रत्येक मांजरासाठी आवश्यक मानली जाते. पहिली मात्रा ६ ते ८ आठवड्यांच्या वयात देतात आणि त्यानंतर पिल्लू किमान १६ आठवड्यांचे होईपर्यंत दर २ ते ४ आठवड्यांनी पुढच्या मात्रा देतात. १६ आठवड्यांचा आग्रह विनाकारण नाही. आईच्या दुधातून आलेली प्रतिपिंडे पिल्लाचे रक्षण करतात, पण तीच लसीलाही निष्प्रभ करतात, आणि ती नेमकी कधी संपतील हे प्रत्येक पिल्लागणिक बदलते. दोन मात्रा देऊन १२व्या आठवड्यात थांबल्यामुळे असुरक्षित राहिलेली पिल्ले कमी नाहीत. पुढची मात्रा ६ महिन्यांच्या सुमारास किंवा उशिरात उशिरा वर्षाच्या आसपास द्यावी. त्यानंतर कमी धोक्याच्या मांजरांना दर ३ वर्षांनी, तर इतर मांजरांच्या सतत संपर्कात येणाऱ्यांना किंवा मांजरांच्या वसतिगृहात ठेवल्या जाणाऱ्यांना दर वर्षी लस द्यावी, असा सर्वसाधारण प्रघात आहे.

गाभण मांजरीला जिवंत, क्षीण केलेल्या विषाणूची लस देऊ नये. आणखी एक बारीक गोष्ट: अशी लस टोचताना तिचे थेंब केसांवर सांडले आणि मांजराने ते चाटले, तर त्यातला विषाणू तोंडावाटे जाऊन सौम्य आजार होऊ शकतो. सांडलेली लस तिथल्या तिथे पुसून घ्यावी.

लस घेऊनही माझ्या मांजराला हा आजार झाला. मग लसीचा उपयोग काय?

ही तक्रार रास्त आहे आणि तिचे उत्तर लपवण्यासारखे नाही. ही लस संसर्ग रोखत नाही आणि मांजर वाहक होण्यापासूनही रोखत नाही. लसीत एक किंवा दोन निवडक उपप्रकार असतात आणि बाहेर फिरणारा विषाणू त्यांच्यापासून कमी-अधिक वेगळा असतो. लस आजाराची तीव्रता मात्र निश्चित कमी करते. तोंडात दोन व्रण येऊन चार दिवसांत खायला लागणारे मांजर आणि न्यूमोनियाने दवाखान्यात दाखल झालेले पिल्लू, यांतला फरक पुष्कळदा लसीचा असतो. घराबाहेर न पडणाऱ्या मांजरालाही ती द्यावी, कारण विषाणू घरात यायला मांजरानेच बाहेर जावे लागत नाही.

घराची स्वच्छता कशाने करावी?

अल्कोहोल असलेले सॅनिटायझर आणि अमोनियम संयुगांवर आधारित नेहमीची फरशीची जंतुनाशके या विषाणूवर भरवशाची नाहीत. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे साधे ब्लीच, अर्थात सोडियम हायपोक्लोराइट. सुमारे ५ टक्के तीव्रतेचे ब्लीच एक भाग आणि पाणी ३२ भाग असे मिश्रण त्याच दिवशी ताजे करावे, पृष्ठभाग पूर्ण ओला करावा, १० मिनिटे तसाच ठेवावा आणि मग साध्या पाण्याने धुऊन कोरडा करावा. लाळ, विष्ठा किंवा अन्नाचे कण शिल्लक असतील तर ब्लीच त्यांच्यावरच खर्ची पडते, म्हणून आधी साबणाच्या पाण्याने धुणे अपरिहार्य आहे. पोटॅशियम पेरॉक्सीमोनोसल्फेट आणि संवर्धित हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली उत्पादनेही प्रभावी आहेत.

ब्लीच कोणत्याही आम्लात, अमोनियात किंवा मांजराच्या मूत्राने भिजलेल्या मातीत मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. फिनाईल आणि तत्सम फिनॉलयुक्त द्रव्ये तर मांजराच्या घरात नकोतच. ती या प्राण्याला विषारी असतात आणि पंजे चाटताना पोटात जातात. अंथरुणे गरम पाण्यात साबणाने धुऊन पूर्ण वाळवावीत. पुठ्ठ्याचे खोके, दोऱ्याचे खांब यांसारख्या न धुता येणाऱ्या वस्तू टाकून दिलेल्या बऱ्या. हातांसाठी साबण आणि वाहते पाणी वापरावे. साबण विषाणू मारत नसला, तरी चोळून धुतल्याने तो वाहून जातो.

घरात अनेक मांजरे असतील, तर काय करावे?

आजारी मांजर स्वतंत्र खोलीत ठेवावे. त्याची भांडी, माती आणि कपडे वेगळे असावेत. कामाचा क्रम ठरवून घ्यावा: आधी निरोगी पिल्ले, मग निरोगी प्रौढ मांजरे आणि सर्वांत शेवटी आजारी मांजर. खोलीत जाताना वरून जुना सदरा चढवावा आणि बाहेर येताना तो तिथेच काढून ठेवावा. प्रामाणिकपणे सांगायचे तर, लक्षणे दिसेपर्यंत एकत्र राहणाऱ्या इतर मांजरांना बहुधा लागण होऊन गेलेली असते. तरीही विलगीकरणाने आजारी मांजराला निवांतपणा मिळतो आणि ते किती खाते यावर नेमके लक्ष ठेवता येते.

नवे मांजर आणल्यास त्याला दोन ते तीन आठवडे वेगळे ठेवावे. निवाऱ्यांमध्ये गर्दी कमी करणे हा कोणत्याही जंतुनाशकाहून मोठा उपाय आहे. एक-दोन मांजरे असलेल्या घरांत वाहकांचे प्रमाण कमी असते आणि दाटीवाटीने ठेवलेल्या मांजरांत ते कित्येक पटींनी वाढते.

माणसांना किंवा कुत्र्यांना याची लागण होते का?

माणसांना होत नाही. माणसांमध्ये उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस याच कुळातला असला, तरी तो वेगळा विषाणू आहे. नोरोव्हायरस प्रयोगशाळेत वाढवणे दीर्घकाळ अवघड असल्यामुळे जंतुनाशकांच्या चाचण्यांमध्ये त्याच्या जागी मांजरांचा कॅलिसीव्हायरस वापरला गेला, आणि या विषाणूवर कोणते जंतुनाशक चालते याची इतकी माहिती आपल्याकडे आहे, ती काही अंशी त्यामुळेच. घरातल्या कुत्र्याची काळजी करण्याचे कारण नाही. चित्ता, सिंह यांसारख्या मार्जारकुळातल्या वन्य प्राण्यांना मात्र तो बाधतो.

या आजाराने मांजर दगावल्यास नवे मांजर केव्हा आणावे?

घरात दुसरे मांजर नसेल, तर वर सांगितल्याप्रमाणे स्वच्छता करून निदान एक महिना थांबावे. तेवढ्या काळात कोरड्या जागी राहून गेलेला विषाणूही निष्क्रिय होतो. घरात इतर मांजरे उरली असतील, तर केवळ थांबून भागत नाही, कारण त्यांच्यापैकी एखादे वाहक असू शकते. अशा वेळी लहान पिल्लू न आणता लसीकरण पूर्ण झालेले प्रौढ मांजर आणावे आणि आधीच्या मांजरांच्याही लसी अद्ययावत करून घ्याव्यात.